निळं पडलेलं उलथणं

सावित्राबाईच्या वरच्या जबड्याला भोक पडलं होतं. उजवीकडची दाढ काढली, आणि तिच्या जागी जे भोक राहिलं ते थेट नाकाशेजारच्या पोकळीत उघडलं. चहाचा घोट घ्यावा तर निम्मा चहा उजव्या नाकपुडीतून पदरावर. पेज प्यावी तर तीच गत. कुरवंड्याच्या वरच्या वाडीतल्या बायांना आयतीच करमणूक झाली. पाणवठ्यावर हंडा बाजूला ठेवून त्या टपून बसायच्या, ही कधी पाणी पिते म्हणून.

"बघा, बघा, डोळं भरून बघा," सावित्राबाई म्हणायची. "माजं नाक, माजा च्या. तुमच्या लुगड्यावर तर सांडला न्हाई ना?"

अशी बाई. तिच्या तोंडी लागणं म्हणजे आग्यामोहळात हात घालणं. एक काय, दहा भोकं पडली असती तरी तिचं बोलणं काही थांबलं नसतं. थांबली होती ती तिची फुंक. आणि फुंक थांबली म्हणून घराचा गाडाच थांबला होता. हे जरा बैजवार सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई फुंकत नाही यात एवढं काय!

तिचा नवरा शिदू. जातीनं लोहार नव्हे, डोंगरातला माणूस. बापजाद्यांनी रानात कोळसा पाडला, शिदूनंही पाडला. मग लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात घण मारायला लागला. बारा वर्षं लोहाराच्या भट्टीपाशी घण मारता मारता त्यानं पोलादाचं सगळं इंगित नुसत्या डोळ्यांनी उचललं. कुणी शिकवलं नाही. घण मारणाऱ्यानं घण मारावा, बाकी तोंड मिटून राहावं, असा तिथला कायदा. एक दिवस शेडात दत्तोबा डॉक्टर आले. हे दातांचे डॉक्टर. आंबीच्या शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकून लोणावळ्याच्या बाजारपेठेत दवाखाना घातलेला. त्यांचं एक जर्मन हत्यार मोडलं होतं, आणि परदेशी माल तेव्हा पुण्यामुंबईतही मिळेनासा झाला होता. मोठ्या लोहारानं हत्यार उलटंसुलटं करून पाहिलं आणि "हे आपल्यातलं काम नव्हे" म्हणून हात झटकले. शिदूनं ते मोडकं हत्यार मागून घेतलं. आठवड्यानं एका जुन्या कानशीचं पोलाद ठोकून त्यानं हुबेहूब तसंच दुसरं डॉक्टरांच्या हातात ठेवलं.

हत्यार काय, तर वीतभर दांडी आणि टोकाला नखाएवढं, किंचित वाकडं, पातळ पातं. हाडाला चिकटलेली कातडी किंवा अस्तर न फाडता सुटं करायचं, अलगद उचलायचं, एवढंच त्याचं काम. डॉक्टर त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नावानं बोलवत. शिदू आणि सावित्राबाई त्याला उलथणं म्हणत. भाकरी परतायचं असतं ना, तेच. फक्त मुंगीच्या घरचं.

पहिलं उलथणं घेताना डॉक्टर सहज बोलून गेले होते, "शिदू, जबड्याच्या आतलं अस्तर अंड्याच्या पापुद्र्याइतकं पातळ असतं बरं. तिथे हे चालायला हवं."

बोलणारा बोलून गेला. शिदूनं ते जसंच्या तसं घेतलं. घरी आला, कोंबडीखालचं अंडं काढलं, टरफलाला टिकलीएवढी खिडकी पाडली, आणि उलथणं टरफलाच्या नि पापुद्र्याच्या मधे सारून अंडं सोलायला बसला. पापुद्रा फाटला. दुसरं घेतलं, तेही वाहिलं. त्या आठवड्यात घरात रोज अंड्याचं कालवण.

"अवो, डाक्टर नुसतं बोलले, अन् तुमी करायलाच बसलात व्हय!" सावित्राबाईनं कपाळावर हात मारला. पण शिदू पातं घासत राहिला, आणि बाराव्या अंड्याचं सगळं टरफल सुटलं. कच्चं अंडं नुसत्या पापुद्र्याच्या पिशवीत, थुलथुलत, अख्खंच्या अख्खं त्याच्या तळहातावर. त्या दिवसापासून अंड्याला पास झाल्याशिवाय एक उलथणं त्या घराबाहेर पडलं नाही. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा आधी ते पोट धरून हसले, आणि मग अजून चार उलथणी करायला सांगितली.

पुढे शेडातल्या धुरानं शिदूची छाती गेली. चार पावलं चढला की धाप. नोकरी सुटली, पण हात शाबूत होते, डोळे शाबूत होते. वाडीत घराच्या पडवीतच त्यानं काम मांडलं. अडचण एकच. एवढ्याशा पात्याला भात्याची हवा सोसत नाही, टोक जळून जातं. तिथे सोनाराकडे असते तशी वाकडी नळी तोंडात धरून दिव्याची ज्योत फुंकावी लागते. शिदूच्या छातीत फुंक कुठली उरली होती? मग नळी सावित्राबाईनं तोंडात धरली.

आणि काय धरली म्हणता! गाल फुगवून ठेवायचे, गालातली हवा नळीत सोडत राहायची, आणि त्याच वेळी नाकानं नवा श्वास आत घ्यायचा. ज्योत सुईसारखी सरळ उभी राहायची, अर्धा अर्धा तास हलायची नाही. शिदू नुसता रंग बघायचा. टोक आधी लाल करून तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. पण नुसतं कडक ठेवलं तर काचेसारखं मोडतं. म्हणून घासून लख्ख करायचं आणि पुन्हा, अगदी बेतानं, ऊब द्यायची. भाताच्या पेंढ्याचा पिवळा रंग चढला की थांबायचं. याला म्हणतात पाणी देणं. पिवळ्याचा तांबूस, तांबुसाचा जांभळा आणि जांभळ्याचा निळा व्हायला वेळ लागत नाही. निळं पडलं की पाणी उतरलं. मग त्यानं खुशाल लोणी फासा, हाडाला ते लावू नका. दहा वर्षं फुंकून फुंकून सावित्राबाईला हे रंग कुंकवाच्या रंगासारखे पाठ झाले होते.

आता त्या तोंडाला भोक. नळीत फुंकायला जावं तर हवा भोकातून नाकात आणि नाकातून बाहेर. ज्योत मान टाकायची. शेजारच्या नवशानं हौसेनं नळी धरून पाहिली. त्याची फुंक म्हणजे वरातीतल्या बैलाचं नाचणं. तीन पाती जळाली. दोन महिने झाले, घरातून एक हत्यार गेलं नव्हतं. शिदू भिंतीला टेकून नुसता हातातली कानस फिरवत बसायचा. ते बघून सावित्राबाईला जे व्हायचं ते नाकातून येणाऱ्या चहानं कधी झालं नाही. बाई जात्याच रागीट, आणि त्या दोन महिन्यांत तिला रडू यायला लागलं, याचाच तिला जास्त राग येत होता.

दाढ काढली होती दत्तोबा डॉक्टरांनीच. माणूस सरळ. स्वतः डोंगर चढून वाडीवर आले, पडवीत घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "मावशी, चूक माझी. दाढेचं मूळ मोडलं, ते काढायला गेलो तर आत ढकललं गेलं. ते अजून आतच आहे, म्हणून भोक भरत नाही."

"खोटं बोलला असतात ना," सावित्राबाई म्हणाली, "तर तुमच्या दवाखान्याम्होरं बसून बोंब मारली असती. खरं बोललात. आता बुजवा."

"माझ्यानं नाही व्हायचं. हाडाला खिडकी पाडून, आतलं अस्तर उचलून मूळ काढावं लागेल. अस्तर जास्त फाटलं तर भोक जन्माचं. पुण्याचे एक मोठे सर्जन आहेत, त्यांच्या हाताखाली मी शिकलोय. लोणावळ्यात त्यांचा बंगला आहे. या रविवारी त्यांना गळ घातलीय."

कस्तुराबाई म्हणून शेजारीण होती, ती म्हणाली, देवाला कोंबडं कबूल कर, भोक आपोआप बुजंल. सावित्राबाई म्हणाली, "कोंबडं दिलं तर अंडी कोन देनार, तुजा देव?" आणि रविवारी सकाळी फडक्यात चार अंडी बांधून, शिदूला पुढे घालून ती डोंगर उतरली. मोठ्या माणसाकडे मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून ती अंडी.

दवाखान्यात पुण्याचे डॉक्टर आधीच येऊन बसले होते. उंच, गोरे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, मनगटावर जाड घड्याळ. दत्तोबा डॉक्टर त्यांच्यापुढे नुसते शाळकरी पोर झाले होते. सावित्राबाईला खुर्चीत बसवलं. शिदू वहाणा बाहेर काढून, पागोटं हातात घेऊन दारातच उभा राहिला. आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि तो काही आपण होऊन आत येणाऱ्यातला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी ताटातली हत्यारं चाळवली. उलथणं उचललं, उजेडात धरलं. "हे कुठलं? शिक्का नाही काही नाही."

"इथलंच सर. शिदूनं केलंय. दहा वर्षं मी हेच वापरतो."

"कोण शिदू?"

दत्तोबांनी दाराकडे बोट केलं. मोठ्या डॉक्टरांची नजर आधी शिदूच्या अनवाणी पायांवर गेली, मग हातातल्या उलथण्यावर आली, आणि चेहरा असा झाला की सावित्राबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"दत्तोबा, तुम्ही डॉक्टर आहात की जत्रेत दात उपटणारे? माझा संच पुण्याला राहिला म्हणून, नाहीतर असलं काही मी हातात धरलं नसतं." त्यांनी ते शकुबाईच्या पुढ्यात टाकलं. शकुबाई म्हणजे दवाखान्यातली मदतनीस. "हे नुसतं उकळून भागायचं नाही. कुठल्या शेणात लोळलंय कुणास ठाऊक. दिव्यावर धरा चांगलं."

शकुबाई घुटमळली. शिदूची हत्यारं फक्त उकळायची, जाळावर कधी धरायची नाहीत, हा त्या दवाखान्याचा दहा वर्षांचा रिवाज. "सर, ते उकळलेलंच..." दत्तोबा बोलायला लागले, पण सरांनी नुसतं वळून पाहिलं आणि त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. दारातून शिदू काहीतरी पुटपुटला. काय ते त्याच्या पागोट्यालाच ऐकू गेलं असेल.

स्पिरिटचा दिवा पेटला. शकुबाईनं टोक ज्योतीत धरलं. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या सावित्राबाईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पिवळं गेलं, तांबूस गेलं, जांभळं गेलं.

"अगं काढ! शकू, काढ ते, जळालं!"

शकुबाई दचकली, पण तोवर टोक लाल होऊन गेलं होतं. बाहेर काढलं तेव्हा पातं काळंनिळं पडलं होतं. मोठ्या डॉक्टरांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांनी भुलीची सुई भरली आणि जवळ आले.

"तोंड उघड, बाई."

सावित्राबाईनं तोंड मिटलं. वर पदराचा बोळा धरला.

"काय झालं? सुईला भिते का ही?"

"सुईला कोन भितंय?" ती पदराआडून म्हणाली. "ते उलथणं निळं पडलंय. पानी उतरलंय त्याचं. ते माज्या तोंडात जानार न्हाई."

"मावशी..." दत्तोबा म्हणाले.

"तुमी गप बसा. बोलायचं तवा बोलला न्हाईत, आता कशाला बोलता?"

मोठे डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले. "मी तीस वर्षं लोकांचे जबडे उघडतोय. मला हत्यारं शिकवणार तू?"

"तुमी लोकांचे उघडताय सायेब. ह्यो माजा हाय. ह्यो उघडायचा का मिटायचा, ते मी ठरवनार."

मोठ्या डॉक्टरांचे कान लाल झाले. पुण्याला त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसेल, आणि इथे लोणावळ्याच्या एका दवाखान्यात डोंगरातली बाई तोंड मिटून बसली होती. तोंड मिटून बसलेल्या माणसापुढे दातांचा डॉक्टर कितीही मोठा असला तरी काय करणार हो? त्यांनी सुई ताटात ठेवली आणि बाह्या सोडायला सुरुवात केली.

"ठीक आहे. मी काही पुन्हा येणार नाही. जा तशीच भोक घेऊन."

तेव्हा मात्र सावित्राबाईनं मनातल्या मनात हिशेब मांडला. हा माणूस उठून गेला तर दुसरा कोण? मुंबईला जायचं कुणाच्या जिवावर? नळी कायमची खुंटीला. शिदू जन्मभर भिंतीला टेकून कानस फिरवत बसणार. दत्तोबा तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "मावशी, ऐका माझं. सर गेले तर संपलं."

संपलं तर संपलं! फाटलेलं अस्तर घेऊन घरी जाण्यापेक्षा हे भोक बरं. त्याला निदान कड तरी शाबूत होती.

"सायेब, जायचं तर जावा," ती म्हणाली. "पन त्या फडक्यात चार अंडी हायेत, तुमच्यासाटीच आनलीत. त्यातलं एक ह्या उलथण्यानं सोलून दावा. आतला पापुद्रा न्हाई फाटला, तर मी तोंड उघडते अन् पुन्यांदा चकार शबूद काढत न्हाई. दत्तू डाक्टर, सांगा त्यास्नी, आमी कसं बघतो ते."

दत्तोबांनी सांगितलं. आधी चाचरत, मग जरा उभारीनं. दहा वर्षांत शिदूचं एकही उलथणं अंड्याला पास झाल्याशिवाय आपल्याकडे आलं नाही, आणि एकाही रोग्याचं अस्तर त्या उलथण्यानं फाटलं नाही, हेही सांगितलं. मोठ्या डॉक्टरांचा हात बाहीच्या गुंडीवर थांबला. रागीट होते, पण हाताचा गर्व असलेला माणूस; असल्या माणसाला करून दाखवा म्हटलं की पाय निघत नाही.

"आण ते अंडं."

हात बाकी सुरेख होता. सावित्राबाईनं मनातल्या मनात कबूल केलं. टरफलाला अशी नेटकी खिडकी शिदूलाही पडली नसती. मग त्यांनी उलथणं आत सारलं, टरफलाच्या कडेला टेकवून किंचित दाब दिला. पातं वळलं. ओल्या पुठ्ठ्यासारखं वळलं, आणि त्याची कड पापुद्र्यात घुसली. पांढरं-पिवळं सगळं त्यांच्या बाहीवर.

त्यांनी दुसरं अंडं घेतलं. तेही वाहिलं.

"अंडं म्हणजे काही जबडा नव्हे," ते म्हणाले.

"बरं झालं न्हवं," सावित्राबाई म्हणाली. "न्हाईतर माजा जबडा वाहिला असता तुमच्या बाहीवरनं."

शकुबाईनं तोंडाला हात लावला. मोठ्या डॉक्टरांनी वळलेलं पातं डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पहिल्यांदा ते सरळ दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलले. "हे पुन्हा नीट करता येतं?"

"व्हय सायेब," शिदू म्हणाला. "सरळ करून पुन्यांदा पानी द्यायचं. फुंकनारं मानूस आसलं तर अर्ध्या तासाचं काम."

"मग बोलव फुंकणाऱ्याला."

शिदूनं नुसतं खुर्चीकडे पाहिलं.

सावित्राबाई खुर्चीतून उतरली. "दिवा हिकडं द्या. शकू, शेजारच्या च्यावाल्याकडनं दोन कोळसं आन. अन् वाटीभर गोडं तेल."

"वेडी आहे का ही?" मोठे डॉक्टर दत्तोबांना म्हणाले. "भोक उघडं आहे. जोर लावला तर आत ठणका लागेल, रक्त येईल."

"ठनकंल ते मला ठनकंल," ती म्हणाली, आणि जमिनीवर बसकण मारली.

नळी शिदूच्या पिशवीत होतीच. हत्यारं घेतल्याशिवाय तो बाजारातही जात नसे. दोघं समोरासमोर बसली. सावित्राबाईनं डाव्या हातानं नाक गच्च दाबलं, म्हणजे हवेला पळायला वाट नको. उजव्या हातानं नळी धरली आणि फुंकली. ज्योत आडवी झाली, कोळशावर टोक लाल झालं, शिदूनं चिमट्यानं पातं सरळ केलं, पुन्हा लाल झालं, आणि तेलात चर्रर्र. इथवर नुसता जोर लागतो. पण त्या जोरानं डोळ्याखालचं हाड आतून कुणी करवतीनं कापावं तसं ठणकायला लागलं. तोंडात खारट चव आली. तिनं ती गिळली.

खरी गोम पुढे होती. शिदूनं टोक दगडावर घासून लख्ख केलं. आता ऊब द्यायची, बारीक, न तुटणारी. एरवी ती नाकानं श्वास घेत घेत अर्धा तास फुंकायची. आता नाक दाबलेलं. म्हणजे काय ते एकाच श्वासात. फुंक मधेच तुटली तर ज्योत हेलकावणार, टोक एकीकडे निळं आणि एकीकडे पांढरं राहणार.

"सावित्रे, ऱ्हाऊ दे का?" शिदू हळूच म्हणाला.

तिनं उत्तरादाखल छाती भरून घेतली आणि नळी ओठांत धरली.

ज्योत सुईसारखी उभी राहिली. पोलाद पांढरंच होतं. तिच्या कपाळाची शीर वर आली. पोलाद अजून पांढरंच. कानात घणाचे ठोके पडायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यातून तिला टोक दिसेनासं झालं, म्हणून तिनं शिदूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रंग त्याच्या डोळ्यांत वाचायची तिला सवय होती. मर मेल्या रंगा, चढ की आता! मोठे डॉक्टर कधी खाली वाकून बसले, ते तिला कळलंही नाही. गालातली हवा संपत आली. तिनं गाल आत ओढून उरलीसुरली पिळून नळीत घातली.

"बास!" शिदू म्हणाला आणि टोक पाण्यात बुडवलं.

तिनं नाक सोडलं. उजव्या नाकपुडीतून रक्ताची धार पदरावर आली. ती पुसायच्या आधी तिनं हात पुढे करून उलथणं मागून घेतलं. टोक पेंढ्यासारखं पिवळं होतं, कडेपासून कडेपर्यंत सारखं.

तिसरं अंडं मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच उचललं. खिडकी पाडली, उलथणं आत सारलं. या खेपेला पातं वळलं नाही. टरफलाचा तुकडा सुटला, मग दुसरा, मग तिसरा. ते सोलतच राहिले. खिडकीपुरतं पुरे होतं, तरी राहिले. शेवटी पापुद्र्यातलं अंडं त्यांच्या तळहातावर थुलथुलायला लागलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. आतला पिवळा बलक इकडून तिकडे सरकताना दिसत होता.

"शकुबाई," ते म्हणाले, "हे फक्त उकळा. पुरी वीस मिनिटं. आणि तो दिवा उचलून आत ठेवा." मग ते सावित्राबाईकडे वळले. "बाई, आता उघडता का तोंड?"

मघाचं 'उघड' आता 'उघडता' झालं होतं. सावित्राबाईच्या ते बरोबर लक्षात आलं.

"आता उघडते की," ती म्हणाली आणि खुर्चीत चढली.

तासभर लागला. भुलीनं दुखलं नाही, पण हाडावरचा घासल्याचा आवाज डोक्यात घुमत राहिला. एकदा मोठे डॉक्टर दत्तोबांना म्हणाले, "बघा, कसं सुटतंय," आणि तिला कळलं, उलथणं आत गेलंय. मग टण्णकन ताटात काहीतरी पडलं. मोडलेलं मूळ, भाताच्या दाण्याएवढं. एवढ्याशा दाण्यानं दोन महिने घर उपाशी ठेवलं होतं. नंतर हिरडी ओढून भोकावर आणली, टाके घातले आणि तोंडात बोळे भरले.

मग सूचना. पंधरा दिवस गरम नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. टाके निघेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, अजिबात. आणि चाळीस दिवस फुंकायचं नाही, चूलसुद्धा नाही. "टाके ताणले गेले की सगळं मुसळ केरात," मोठे डॉक्टर म्हणाले. हात धुता धुता ते दाराकडे वळले. आता आवाज चांगलाच मऊ झाला होता. "शिदू, अशी बारा करून दे मला. महिन्याच्या आत हवीत. मुंबईला आमची मोठी सभा आहे, तिथे दाखवीन. नाव होईल तुझं."

शिदूनं पागोटं डोक्यावर ठेवलं. उंबरा ओलांडून तो आत आला आणि खुर्चीच्या बाजूला उभा राहिला.

"न्हाई जमायचं सायेब."

"का? बारा जास्त होतात का? सहा कर."

"एक बी न्हाई. ही चाळीस दिस फुंकनार न्हाई."

"अरे, फुंकायला काय, दुसरा कुणी माणूस धर. नाहीतर मी तुला यंत्राचा भाता घेऊन देतो."

"दुसरं कुनी न्हाई अन् भाता बी न्हाई," शिदू म्हणाला. धाप लागत होती, म्हणून तो थांबून थांबून बोलत होता, पण आवाज खाली येत नव्हता. "मी नुस्ता ठोकतो. हत्यार ही करती. हिचं तोंड बरं झाल्याबिगर माज्या घरातनं काडी बाहेर पडनार न्हाई. तुमची सभा म्होरं ढकला."

दत्तोबा डॉक्टरांनी घाईघाईनं खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मोठ्या डॉक्टरांनी टॉवेल ठेवला, खिशातून डायरी काढली, बोटांवर दिवस मोजले आणि चाळिसाव्या दिवसावर काहीतरी लिहिलं.

सावित्राबाईला दहा गोष्टी बोलायच्या होत्या. तोंडात बोळे होते, ओठ भुलीनं जड झाले होते, आणि ज्या माणसाच्या वतीनं ती वीस वर्षं भांडत आली, तो आज तिच्या वतीनं भांडत होता. हसायचं नाही, असं पुण्याचा एवढा मोठा डॉक्टर आत्ताच सांगून चुकला होता. तरी ती हसली. टाके ओढले गेले, डोळ्यांत टचकन पाणी आलं, शकुबाई ओरडली, "अगं बाई, काय करतेस!" पण टाके काही सुटले नाहीत.